सुपडूच्या हातातलं पान

टेम्पो गल्लीतून निघाला तेव्हा माझी खाट उलटी बांधलेली होती, चारी पाय आभाळाकडे. तिच्यावर धान्याची कोठी, कोठीवर पाटा-वरवंटा आणि सगळ्यांच्या वर आमच्या मंडळींची ट्रंक. मी ड्रायव्हरजवळ बसलो नाही. मागे सामानात उभा राहिलो. गाव सोडायचं तर उभ्यानं सोडायचं, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. पोरगा म्हणत होता, ‘आबा, पडाल.’ मी पडलो नाही.

गल्लीतली सगळी माणसं दारात आली होती. कोणी शेवया दिल्या, कोणी लोणच्याची बरणी. फक्त सुपडू आला नाही. टेम्पो पाराजवळ आला तर तो तिथंच, निंबाखाली, आमच्याकडे पाठ करून दोर वळत बसलेला. मी ड्रायव्हरला थांबायला लावलं. वरूनच म्हणालो, “सुपडू, येतो रे.” त्यानं मान वळवली नाही. म्हणाला, “जाय.”

बस. तेवढा एक शब्द. त्या शब्दावर मी तीन वर्षं काढली.

तुम्ही गावात राहिलेले असा नाही तर माझ्यासारखे उठून गेलेले असा, हे तुम्हा दोघांसाठी लिहितोय. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातलं निम्मं वर्ष बैलामागं. सूनबाई म्हणते, बोला, मी लिहून घेते. मी म्हटलं, नाही. माझं मी लिहीन. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं दुसऱ्याचं होतं. वेलांट्या चुकतील त्या ती नंतर नीट करील, पण शब्दाला हात लावायचा नाही अशी अट आहे.

आमचं गाव भडगावच्या पलीकडे, गिरणेच्या काठी. सुपडू आणि मी एकाच महिन्यात जन्मलो. दोघांच्याही आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून नजर लागू नये अशी नावं पडली. त्याला सुपात घातलं म्हणून तो सुपडू, मला जुन्या धुडक्यात गुंडाळलं म्हणून मी धुडकू. मोठे झालो तेव्हा त्याच्याकडे एक बैल, माझ्याकडे एक बैल. दोन्ही मिळून एक जोडी. आधी त्याचं शेत, मग माझं. कधी आधी माझं, मग त्याचं. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी लोक आम्हाला जोडीच म्हणायचे. मग एका वर्षी आमच्या मंडळींचे गुडघे बसले, पोरगा जळगावला नोकरीत, डॉक्टर जळगावात, आणि मी शेत पुतण्याला बटाईनं लावून निघालो. यात माझं काही चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण माणसानं निरोपाला तोंड वळवावं की नाही?

मी ठरवलं, आधी तो बोलेल, मग मी. त्यानंही तेच ठरवलं असणार. आम्ही एकाच महिन्यातले आहोत.

आता पाराचं सांगतो, कारण ते पुढं लागेल. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि बाप्ये पारावर पत्ते खेळतात. एरवी पत्ते खेळणाऱ्याला घरची बाई बोलेल, आखाजीला बोलत नाही. माझा बाप त्या दिवशी सकाळी घागर भरून झाली की पारावर जायचा तो दिवे लागेपर्यंत. त्याचा एक कायदा होता. “डाव सोडून उठायचं नाही. उठायचंच असेल तर जागेवर दगड ठेवून ऊठ.” पाणी प्यायला उठला तरी दगड. दगड आहे तोवर ती जागा त्याची, तिथं दुसरा बसत नाही. बाप गेला, कायदा राहिला.

जळगावला आलो तर घर दुसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंग, वर बाल्कनी, बाल्कनीत माझी खाट अडकून बसली म्हणून ती सरळ करायला दोन माणसं लागली. नळाला पाणी यायचं ते फिल्टरमधून, त्याला चवच नाही. वॉचमन मला रोज विचारायचा, “आबा, कुठं निघाले?” गावात कोणी असं विचारलं तर माणूस थांबून सांगतो. इथं सांगायला सुरुवात केली तर तो मोबाइलात बघायचा. पहिलं वर्ष मी जिन्यातच काढलं म्हणा ना. वर जायचो, खाली यायचो. लिफ्टमध्ये बसायचं नाही हा माझा हट्ट.

त्याच जिन्यात मला अक्का भेटल्या. तळमजल्यावर राहतात, फैजपूरच्या. केळीच्या बागा होत्या, मालक वारल्यावर लेकाकडे आल्या. मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही इतके वेळा वर-खाली करता, वर काही राहून जातं का?” मी म्हटलं, “नाही.” त्या म्हणाल्या, “मग खाली राहून जात असेल.” तेव्हापासून ओळख. आणि समोरच्या बंगल्यातले शेठजी. कापडाचं दुकान आता मुलं बघतात. त्यांचा आजा मारवाडातून आला तेव्हा जळगावात म्हणे सगळीकडे बाभळी होत्या. तीन पिढ्या झाल्या तरी शेठजी म्हणतात, ‘आमच्या गावाकडे’, आणि ते गाव त्यांनी एकदाच पाहिलंय. अशी आम्ही तिघं, आपापल्या गावाहून उठून आलेली, शेठजींच्या ओट्यावर चहाच्या वेळी बसायचो आणि एकमेकांच्या गावाला नावं ठेवायचो.

मग तो खेळ आला.

शेठजींचा नातू बंगळूरला आहे. त्यानं आजोबांच्या वाढदिवसाला एक खोकं पाठवलं, विटेएवढं जाड. आत घडीचा पट, लाकडाची माणसं, घरं, विहिरी, झाडं आणि थोडी पानं, पत्त्यांसारखीच पण जास्त जाड. सगळं लिखाण इंग्रजी. शेठजींच्या सूनबाईंनी एकदा वाचून दाखवलं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. पटावर तीन पट्टे आहेत. एक कालचा, एक आजचा, एक उद्याचा. प्रत्येकाची तीन माणसं आणि एक घर कालच्या पट्ट्यात सुरू होतं. माणूस पुढं नेता येतो, आजमध्ये, उद्यामध्ये. आणि पुढं गेलेला माणूस मागंही आणता येतो. त्यानं कालमध्ये विहीर खोदली की आजच्या शेताला पाणी लागतं, आणि आज शेत लागलं की उद्यात घर उभं राहतं. पण कोणी मागं जाऊन तुमची विहीर बुजवली, की पुढचं सगळं कोसळतं. शेवटी मोजायचं ते फक्त उद्यात काय उभं आहे ते.

आणि प्रत्येकाला एक परतीचं पान. सबंध खेळात एकदाच टाकायचं. ज्याच्या माणसावर टाकाल तो माणूस असेल तिथून उठून कालमध्ये, आपल्या पहिल्या घरी. त्यानं पुढं उभं केलेलं सगळं पडलं.

अशी वस्तू जगात आहे हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं याचा मला राग आला. काळ मागं-पुढं करायचा. मी म्हटलं, मला सगळं समजलं, पुन्हा सांगू नका. समजलं नव्हतं. पण मागं हटणारा मी नाही.

पहिल्या दिवशी हरलो. दुसऱ्या दिवशी हरलो. मला झोपेत लाकडाची माणसं दिसायला लागली. सकाळी दूध आणायला जाताना मी मनात विहिरी खोदायचो. आमच्या मंडळी म्हणाल्या, “तीन वर्षं तोंड पाडून बसला होता, आता आनंदानं येडा झालाय, कोणतं बरं ते कळत नाही.” चार वाजायच्या आधीच मी शेठजींच्या ओट्यावर. शेठजी दुपारच्या झोपेतून उठायचे तर मी पट मांडून तयार.

“आबासाहेब, हरायची इतकी घाई कशाला?” शेठजी म्हणायचे. “आरामात हरा. चहा घेऊन हरा.”

आणि हरायचोच. कारण काय, तर माझी तिन्ही माणसं मी कालमध्ये घराभोवती बसवायचो. रिकामं घर, म्हणजे ज्याच्या दारात माणूस नाही ते, कोणीही पाडून त्याचं लाकूड नेऊ शकतो असा नियम आहे. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, दारात एक. घर माझं एकदम मजबूत. उद्यात मात्र शून्य.

शेवटी एक दिवस अक्कांनी पट मोजता मोजता माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या घराला राखण तीन माणसांची. राहतं कोण त्यात?”

“माझं घर आहे. राखायला नको?”

“इतके दिवस खेळतोय. माझं घर रिकामं असतं, शेठजींचं रिकामं असतं. कोणी पाडलं का?”

“तुम्ही माझं पाडाल. शेठजींचा भरवसा नाही.”

“माझा नाहीच आहे,” शेठजी म्हणाले. “कापडवाल्याचा कोणी धरतो का?”

मी हसलो नाही. पण त्या रात्री जेवताना अक्कांचं बोलणं भाकरीतल्या खड्यासारखं दाताखाली येत राहिलं.

आखाजी जवळ आली. मी दर आखाजीला गावी जातो. घागर भरायला. घरातला थोरला मी, माझ्या बापाच्या आणि आज्याच्या नावानं पाण्याची घागर मीच भरणार, ते काही फ्लॅटमध्ये होत नाही. पण तीन वर्षं माझा कायदा असा होता: सकाळच्या बसनं जायचं, पुतण्याच्या घरी घागर भरायची, जेवायचं आणि दुपारच्या बसनं परत. पाराकडे जायचं नाही. मागच्या गल्लीनं स्टँडवर. सुपडू बोलवील तेव्हा पारावर जाईन, नाहीतर नाही.

हे मी शेठजींच्या ओट्यावर बोलून गेलो. बोलायला नको होतं. शेठजींचे डोळे चमकले.

“म्हणजे तुमच्याकडे दिवसभर खेळायची परवानगी असलेला सण आहे, आणि तुम्ही त्या दिवशी बसमध्ये बसता?”

“माझी मर्जी.”

“अक्का, यंदा आखाजी आबांच्या गावी. गाडी माझी.”

“मी खोकं घेते,” अक्का म्हणाल्या. मला कोणी विचारलंच नाही. मी दोन दिवस नाही म्हणत राहिलो आणि तिसऱ्या दिवशी शेठजींच्या ड्रायव्हरला रस्ता समजावून सांगत बसलो, एरंडोलवरून कसा, कासोद्यावरून कसा.

त्या सकाळी घागर भरली. नव्या मातीच्या घागरीवर छोटं मडकं, त्यावर डांगर, डांगर म्हणजे आपलं खरबूज, आंबे, सांजोरी. पुरणपोळी आणि रसाचा घास विस्तवावर टाकला, बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. शेठजी हात जोडून शेजारी उभे. हळूच म्हणाले, “माझ्या आजोबांचं नाव घेतलं तर चालेल?” मी म्हटलं, “घ्या. पाणी पुरेल.” त्यांनी घेतलं. मग अक्कांनीही मालकांचं घेतलं. आमच्या घागरीवर इतकी नावं कधी पडली नव्हती.

जेवण झाल्यावर मी स्टँडच्या दिशेनं वळलो, सवयीनं. अक्का खोकं काखेत घेऊन विरुद्ध दिशेनं निघाल्या होत्या. त्यांना पार कुठं आहे ते पोरींनी झोक्यावरूनच सांगितलं होतं. शेठजी त्यांच्या मागं. आता पाहुणे एकटे पारावर गेलेले आणि यजमान मागच्या गल्लीत, हे काही शोभलं नसतं. मी गेलो ते पाहुण्यांसाठी गेलो. लिहून ठेवतो.

निंब तसाच. खाली सतरंज्या, पत्त्यांचे दोन डाव चालू. सुपडू खोडाला टेकून. केस पार पांढरे झालेले, पाठीला बाक. माझ्याही झालाय, पण त्याचा पाहून मला जास्त वाटलं. त्याच्या उजव्या हाताला एक जागा मोकळी, तिच्यावर दगड. कोणीतरी पाणी प्यायला उठलं असणार.

सगळ्यांनी माना वळवल्या. मग उत्तम म्हणाला, हा आमच्या दोघांपेक्षा लहान, तोंडाचा फटकळ. “काय भो धुडकू आबा, वाट चुकना का?”

“पाहुणे आणलेत,” मी म्हटलं. सुपडूकडे न बघता म्हटलं.

अक्कांनी पाराच्या मधोमध खोकं ठेवलं. बायका आखाजीला पारावर बसत नाहीत, हे त्यांना कोणी सांगायच्या आधी पुतण्यानं खुर्ची आणली आणि त्या बसल्याही. “मी फैजपूरची,” म्हणाल्या. “तुमच्या गावची ना लेक, ना सून. मला कायदा लागत नाही.” उत्तमनं आपली सतरंजी मागं ओढून त्यांना जागा केली. असं मी पहिल्यांदा बघितलं.

“हाई काय शे?” सुपडू म्हणाला. खोक्याला म्हणाला, मला नाही.

शेठजींनी पट उघडला आणि सांगितलं. काल, आज, उद्या. सांगायला शेठजी हुशार, अर्धं आयुष्य कापड उलगडून दाखवण्यात गेलंय. पोरं जमली, पत्त्यांचे डाव थांबले. “यात माणूस मागच्या काळात जाऊ शकतो,” शेठजी म्हणाले.

सुपडूनं एक लाकडी माणूस बोटांत फिरवून बघितला. “आनि पुढे गयेल मानूस परत येस का?”

“येतो. मनात आलं तर.”

“मंग हाऊ खेळ काही लोकसले नही जमनार,” सुपडू म्हणाला, आणि सगळे माझ्याकडे बघून हसले.

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, “शेठजी, चौथा गडी कोण? ज्यांना फक्त दोर वळता येतो त्यांनी बसू नये.”

सुपडूनं हातातली पत्त्याची पानं उत्तमच्या मांडीवर टाकली आणि पटाजवळ सरकला. पोरं ओरडली. बसायला मी त्या दगडाच्या जागेकडे वळलो तर उत्तम म्हणाला, “ती जागा धरेल शे.” मी म्हटलं, असू दे. समोर पाराच्या काठावर बसलो, ऊन पाठीवर घेऊन.

आता त्या डावाचं काय सांगू. असा डाव मी जन्मात खेळलो नाही. मागं चाळीस माणसं, कोणी काही सांगतंय, कोणी काही. शेठजींनी सुरुवातीलाच अक्कांच्या माणसावर परतीचं पान टाकलं, अक्कांनी लगेच शेठजींवर टाकून फिट्टंफाट केली. मी माझं घाईनं शेठजींच्याच दुसऱ्या माणसावर घालवलं. राहिलं एकट्या सुपडूचं.

आणि सुपडू खेळत कसा होता? तिन्ही माणसं कालमध्ये. घराभोवती. एक इकडे, एक तिकडे, एक दारात. हलायलाच तयार नाही. अक्का म्हणाल्या, “दादा, पुढं चला की.” तो म्हणाला, “मन्हा मानसे आठेच ऱ्हातीन.” इथंच राहतील.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी पटाकडे बघितलं. माझी चूक माझ्यासमोर दुसऱ्याच्या हातानं मांडलेली, अगदी दारातल्या माणसासकट. मला इतकं सांगावंसं वाटलं, अरे असं नको करू, शून्य येतं, मी करून बसलोय. पण बोलायचं नव्हतं.

मग मी काय केलं, तर तिन्ही माणसं उचलली. आधी एकानं कालमध्ये विहीर खोदली, मग तोही निघाला. घर रिकामं सोडलं. विहिरीचं पाणी आजच्या शेताला लागलं, दोन माणसं उद्यात गेली, तिथं एक घर उभं राहिलं, मग दुसरं. पोरं मोजत होती. धुडकू आबा पुढं.

तेवढ्यात शेठजींनी टोपी मागं सरकवली आणि आपला माणूस कालकडे आणायला सुरुवात केली. मला कळलं. माझं रिकामं घर. ते पाडलं की विहीर त्याच्याबरोबर जाते, विहीर गेली की शेत, शेत गेलं की उद्या. पुढच्या खेपेला ते घरावर येणार. माझी माणसं इतकी लांब गेलेली की एकही वेळेत पोचणार नव्हता. “आबासाहेब,” शेठजी म्हणाले, “लाकूड चांगलं दिसतंय तुमच्या घराचं.”

मध्ये पाळी सुपडूची होती.

मग त्यानं आपल्या दारातला माणूस उचलला. पहिल्यांदाच हलवला, सबंध डावात. चार बोटं सरकवला आणि माझ्या घराच्या दारात आणून ठेवला. दारात माणूस उभा असेल, ते घर पाडता येत नाही. कोणाचाही माणूस असो.

झोक्यावरच्या पोरींचं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

“हे काय?” शेठजी म्हणाले. “तुमचं घर उघडं पडलं ना दादा.”

“मन्हं घर मन्हं शे,” सुपडू म्हणाला. “तुम्हनी पाळी शे, खेळा.”

शेठजींना मग त्याच्याच घराशी काही करता आलं असतं, पण ते करेनात. त्यांनी पाळी वाया घालवली. कापडवाल्याचा भरवसा धरायचा नाही म्हणतात, मी मात्र त्या दिवसापासून धरतो.

शेवटची फेरी आली. माझी दोन घरं उद्यात उभी. अक्कांचं एक. आणि सुपडूच्या हातात परतीचं पान. ते घरं बांधणाऱ्या माझ्या माणसावर टाकलं की तो मागं, दोन्ही घरं आडवी, अक्का जिंकल्या. सगळा पार ओरडायला लागला. उत्तम तर उभाच राहिला. “टाक सुपडू आबा, टाक. बलाव त्याले परत. तीन साल व्हई ग्यात.”

मी समोर बघितलं. त्यानंही बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, टाकेल. त्याचा हक्कच आहे, टाकेल, आणि खरं सांगायचं तर मला राग आला नसता.

त्यानं पान बोटांत उभं धरलं, मग कोपरीच्या खिशात घातलं आणि वरून हात दाबला.

“बळजबरी लयेल मानूस काय कामना?” तो म्हणाला. “येवानं व्हई तं आपला पायवर ई.” यायचं असेल तर आपल्या पायांनी येईल.

मी जिंकलो. पहिल्यांदा. पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, मी हाकलली. शेठजी पाठीवर थापा मारत होते, अक्का म्हणत होत्या, “भाऊ, घर रिकामं सोडलं तर पडलं का? पडलं का?” मला त्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं. मला दिसत होता फक्त सुपडूच्या उजव्या हाताचा तो दगड. डाव मांडून संपला, सावली निंबाच्या या बाजूची त्या बाजूला गेली, आणि पाणी प्यायला उठलेला माणूस अजून आला नव्हता.

मी विचारलं. मीच विचारलं, आधी मीच बोललो, आता काय लपवायचं. “सुपडू, ही जागा कोणाची रे?”

तो लाकडाची माणसं खोक्यात भरायला लागला. उत्तमच म्हणाला, आणि त्याचं फटकळ तोंड त्या वेळी मऊ झालं होतं. “दर आखाजीले तो दगड ठेवस. पानं वाटतस तं त्या जागाले बी पानं वाटस. आम्ही म्हनतस, मानूस नही तं पानं कसाले? तं म्हनस, तो डाव सोडीसन उठेल नही.”

डाव सोडून उठलेला नाही. माझ्या बापाचा कायदा. मी टेम्पोत उभा राहून गाव सोडलं, ताठ उभा राहून, आणि जागेवर दगड ठेवायला विसरलो. तो त्यानं ठेवला होता.

सुपडूनं दगड उचलला, दुसऱ्या बाजूला ठेवला. “बस आते,” म्हणाला. “पानं वाट.”

मी पाराच्या काठावरून उठलो, चार पावलांचं अंतर, पटाला वळसा घालून आपल्या पायांनी गेलो आणि बसलो. पत्ते पिसले. हात नीट चालेनात म्हणून सुपडू म्हणाला, “जळगावले पत्ता बी पिसता येत नहीत का?” मी म्हटलं, “तुझ्यासारखं शून्य काढायला बसलो नाही तिथं.” मग आम्ही दिवे लागेपर्यंत खेळलो, आणि कोण जिंकलं ते मला आठवत नाही. आठवत नाही असं मी पत्त्यांबद्दल पहिल्यांदा म्हणतोय.

निघताना मी गाडीत बसलो. या वेळी पुढं, ड्रायव्हरजवळ. सुपडू पाराजवळ उभा होता, तोंड आमच्याकडे. मी म्हटलं, “येतो रे.” तो म्हणाला, “ये.” गाडी वळली तेव्हा काचेतून दिसलं, तो वाकून दगड परत त्या जागेवर ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शेठजींनी खोकं उघडलं, पट मांडला, पानं मोजली. परतीचं एक कमी. शेठजी अस्वस्थ, हिशोबाचा माणूस. “सुपडूदादांच्या खिशात राहिलं. फोन करा, पोस्टानं पाठवतील.”

मी म्हटलं, “नको.”

“अहो, खेळ अपुरा राहतो.”

“राहू दे.”

अक्कांनी मग लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून तेवढं एक पान बनवलं. त्यावर मीच लिहिलं, ‘परत’, माझ्या अक्षरात. ते पान बाकीच्यांपेक्षा पातळ आहे, हातात आलं की लगेच ओळखू येतं, आणि त्यामुळं खेळात थोडी लबाडी होते. होऊ दे.

मला आता इथं बरं वाटतं. फिल्टरच्या पाण्याची सवय झाली, लिफ्टमध्येही एकदा बसलो. सुपडूशी फोनवर बोलतो, तो पाऊस सांगतो, मी डाव सांगतो. त्या पानाचं मी काढत नाही, तोही काढत नाही. कोणी विचारलं, आबा, तुमचं घर कुठलं, तर मी मजला सांगतो आणि गल्लीही सांगतो. वॉचमनला दोन्ही ऐकावं लागतं. पण मनात मी दुसरंच सांगत असतो. गिरणेकाठी एका पारावर माझ्या जागेवर दगड आहे, आणि एका कोपरीच्या खिशात माझं पान आहे, ते त्यानं अजून टाकलेलं नाही. तो टाकायचा नाही. मीच जाईन, आखाजीच्या आधीच, आपल्या पायांनी.